जमीन आपली, कागद कोणाचा?

(संघटनेच्या शिबिरात केलेलं बोलणं. ज्या पाड्यांवरून माणसं येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. ग्रामसभेत एकाने मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज मोर्चाचं बोलायचं नाही. घरातल्या पेटीत, पत्र्याच्या डब्यात, युरियाच्या पिशवीत जे कागद गुंडाळून ठेवलेत त्यांचं बोलायचं आहे. आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरंपोरी पाड्यापाड्यावर जातो. म्हातारी माणसं ती पिशवी आमच्यापुढे सोडतात, म्हणतात, "वाच रं बाबा, काय लिवलंय." वाचून वाचून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आजकाल आपली जमीन न्यायला कोणी लाठी घेऊन येत नाही. ती आपल्याच सहीनं, आपल्याच अंगठ्यानं जाते.

हे काही नवीन नाही. इंग्रजाच्या काळात महादेव कोळ्यांच्या जमिनी सावकाराच्या वहीत जायला लागल्या, तेव्हा राघोजी भांगरे सावकारांविरुद्ध उठले. त्यांना १८४८ साली ठाण्याला फाशी दिली. १८७५ साली पुणे-नगरकडच्या कुणब्यांनी सावकारांच्या घरातले दस्त बाहेर काढून जाळले. दुखणं कुठं आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. आता जाळून उपयोग नाही म्हणा, एक नक्कल तहसीलला असते आणि दुसरी कम्प्युटरात. आता वाचायलाच पाहिजे.

आपल्याकडे जमीन दोन जातीची. एक मालकीची, जिचा सातबारा आपल्या नावाचा आहे. दुसरी फॉरेस्ट प्लॉटची, जिचं वनहक्काचं प्रमाणपत्र मिळालं आहे किंवा दावा अडकला आहे. दोन्हींचे कायदे वेगळे. दलाल मात्र दोन्हीकडे एकच, मोटारसायकलवर बॅग घेऊन येणारा.

आधी मालकीच्या जमिनीचं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यात १९७४ साली कलम ३६-अ घातलं. ते सांगतं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता येत नाही, गहाण देता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, भाड्यानं सुद्धा देता येत नाही. द्यायचीच तर आधी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. पाच वर्षांपर्यंतचं भाडं किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतो. बाकी सगळ्याला राज्य सरकारची मंजुरी लागते. आणि परवानगी देण्याआधी जिल्हाधिकाऱ्याने बघायचं असतं की त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला कोणी आदिवासी तयार आहे का. हे नीट ऐका. कायदा म्हणतो की गरज पडली तर आधी आपल्याच माणसाला विचारा. आपण मात्र भावकीला कळू नये म्हणून रात्री सही करतो.

पुष्कळांना वाटतं हा कायदा फक्त पेठ, सुरगाणा, कळवण म्हणजे सगळा तालुका अनुसूचित आहे तिथंच चालतो. तसं नाही. दिंडोरी, इगतपुरी, बागलाणमधल्या अनुसूचित नसलेल्या गावातसुद्धा खातेदार आदिवासी असेल तर ३६-अ लागू आहे. शहराच्या कडेला असेल तरी लागू आहे.

मग जमिनी जातात कशा? कायदा समोरून बंद करतो, तर हे लोक मागच्या दारानं येतात. आम्ही जे कागद वाचले त्यातून तीन-चार दारं दिसली.

पहिलं दार खंडाचं. द्राक्षवाला किंवा टोमॅटोवाला येतो. म्हणतो, "तुझं पडीकच आहे, वर्षाला इतके देतो, विहीर मी खोदतो, पाइपलाइन मी टाकतो." पैसा रोख. आधी वर्षाचा करार तोंडी, मग पाच वर्षांचा स्टॅम्पवर, मग विहिरीचा खर्च तुझ्या नावावर. शेवटी आपला माणूस आपल्याच वावरात रोजानं छाटणीला जातो. परवानगी नसेल तर हा करार ३६-अ मध्ये बसत नाही, तो नोटरीचा असो नाहीतर तोंडी. मजा अशी की खंडानं घेणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून तो कागदावर खंड लिहीत नाही. "हातउसने पैसे घेतले" असं लिहून घेतो.

दुसरं दार साठेखत आणि इसार पावतीचं. हे मुंबई-आग्रा रोडच्या कडेला, त्र्यंबककडे, धरणांच्या पाण्याच्या काठाला जास्त. दारणा, मुकणे, वैतरणा, भावली ही धरणं आपल्या इगतपुरीत. पाण्यासाठी आधी आपल्या जमिनी गेल्या, आणि आता पाण्याकडे बघत बसायला शहरातल्या माणसाला उरलेली पाहिजे. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतात, नोटरीचा लाल शिक्का मारतात. शिक्का बघून आपल्याला वाटतं जमीन गेली, आणि आपण गप्प बसतो. नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही या माणसानं माझ्यासमोर केली. त्यानं मालकी जात नाही. शंभर रुपयांच्या वरच्या किमतीची जमीन रजिस्टर केलेल्या खरेदीखताशिवाय विकलीच जात नाही, आणि आदिवासीची तर परवानगीशिवाय रजिस्टर होऊनही टिकत नाही. सही करून बसलेल्या घरांनी घाबरू नये. ताबा सोडू नये. दुसरा पेरायला आला तर त्याच दिवशी ग्रामसभेत सांगावं.

तिसरं दार कुलमुखत्यारपत्राचं. याला आम्ही सगळ्यात वाईट म्हणतो, कारण नाव इतकं अवघड की कोणी विचारतच नाही. याचा अर्थ एवढाच, की माझ्या जागी हा माणूस सही करेल. विकेल, गहाण ठेवेल, कोर्टात उभा राहील, आणि मला कळणार पण नाही. "तहसीलच्या कामाला लागतो" म्हणून घेतात. तहसीलच्या कामाला तो लागत नाही. वारस नोंदीला लागत नाही, घरकुलाला लागत नाही, वनहक्काच्या दाव्याला लागत नाही.

चौथं दार आपल्याच माणसाचं. व्यापारी आपल्याकडे कामाला असलेल्या आदिवासी गड्याच्या नावानं जमीन घेतो. कागदावर आदिवासीकडून आदिवासीला, सगळं कायदेशीर. गडी राहतो खोलीत आणि सातबारा राहतो मालकाच्या कपाटात. बेनामी व्यवहाराला १९८८ चा कायदा आहे आणि २०१६ ला तो आणखी कडक झाला. जो गडी नाव देतो तोही त्यात अडकतो, हे आपल्या तरुण पोरांना सांगा. पाच हजारासाठी नाव देऊ नका.

आता ज्यांची गेली त्यांचं काय? १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी आपल्या राज्यात वेगळा कायदा झाला, तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. जमीन स्वतः कसायची आणि आकाराच्या ४८ पट रक्कम अधिक सुधारणांची किंमत हप्त्यानं भरायची, अशी त्यात अट. आकार म्हणजे सातबाऱ्यावरचा शेतसारा, तो रुपया-दोन रुपये असतो. जमीनवाले या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. १९८४ ला कोर्टाने कायदा कायम ठेवला. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. या कामात जिल्हाधिकाऱ्यापुढे वकिलाला उभं राहता येत नाही, अशी तरतूद आहे. कोर्टानं तीही मान्य केली. पैसेवाल्याला मोठा वकील लावता येतो आणि आपल्याला नाही, म्हणून दोघांनीही स्वतः बोलायचं. ३६-अ च्या चौकशीतही तसंच आहे. तेव्हा "वकिलाला दहा हजार द्यावे लागतील" असं कोणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा. दिवाणी कोर्टाची केस असेल तिथं वकील लागतो, पण आदिवासीला १९८७ च्या कायद्यानं तो फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज करायचा.

१९७४ नंतर परवानगीशिवाय गेलेल्या जमिनीसाठी ३६-अ खालीच जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. जिल्हाधिकाऱ्याला स्वतःहूनही चौकशी लावता येते. इथं एक धोका आहे, आणि तो कोणी सांगत नाही. व्यवहार बेकायदा ठरला की जमीन सरळ आपल्या हातात येत नाही. आधी सरकारजमा होते. मग मूळ आदिवासी मालकाला नोटीस येते, तुला पाहिजे का, कसशील का. त्या नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. नोटीस येते तेव्हा माणूस निफाडला द्राक्षाच्या कामाला गेलेला, घरी म्हातारी, ती कागद चुलीजवळ खोचून ठेवते. म्हणून अर्ज केला की पत्त्यात पाड्याचं नाव घाला, पोस्टमनला सांगून ठेवा, आणि अर्जाची पोच घ्या. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का आणि तारीख. तोंडी "बघतो" ही पोच नाही.

आता घरातलं बोलतो. हे बोललं की लोक खाली बघतात, पण बाहेरच्यापेक्षा जास्त भांडणं आम्हाला इथंच दिसली.

तुमच्या सातबाऱ्यावर मोठ्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.क." असं लिहिलेलं असेल. एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता. बाप मेला तेव्हा तलाठी आप्पानं एकाचंच नाव लावलं, सोपं पडतं म्हणून. चार भाऊ कसतात, कागदावर एक. मोठा भाऊ चांगला आहे तोवर चालतं. त्याची पोरं मोठी झाली, ती म्हणतात आमच्या बापाचं नाव आहे. समृद्धी महामार्ग आपल्या इगतपुरीतून गेला, उद्या आणखी काही येईल. मोबदला देणारा साहेब सातबाऱ्यावरचं नाव बघतो. कोण नांगरतं ते बघत नाही. एकदा पैसा एका खात्यात गेला की भाऊ भावाला ओळखत नाही.

यावर उपाय आहे आणि खर्च थोडा आहे. माणूस वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, अर्जाची पोच. तलाठी वारस नोंदवहीत घेतो, फेरफार लिहितो, सगळ्यांना नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग सर्कल साहेब नोंद मंजूर करतो. तीन महिने उलटून गेले, अगदी वीस वर्षं झाली, तरी नोंद करता येते. वाटणी करायची असेल आणि सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे कलम ८५ चा अर्ज करून पोटहिस्से पाडता येतात. चुकीचा फेरफार मंजूर झाला तर साठ दिवसांच्या आत प्रांताकडे अपील. साठ दिवस कळल्यापासून की निकालापासून यावर घोळ घालत बसू नका, कळलं की लगेच जा.

वारसांची नावं सांगताना बायकांची नावं गाळू नका. विधवा बाईचं नाव पहिलं लावायचं. पोरीचं पण लावायचं. इथं माणसं म्हणतात, "आपल्यात तशी रूढी नाही." १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, हे खरं आहे. त्याचा फायदा घेऊन कितीतरी बायांना दिरानं घराबाहेर काढलं. पण आमचं विचारणं आहे, रूढी कोणी ठरवली? नागली लावायला, वरई खुडायला, फॉरेस्टच्या गार्डापुढे उभं राहायला बाई पुढे, आणि उताऱ्यावर नाव घालताना रूढी? आमच्या पाड्यावर म्हाताऱ्यांनी ग्रामसभेत बसून ठरवलं की विधवेचं नाव लागल्याशिवाय कोणाच्या वारस नोंदीला पंच म्हणून सही करायची नाही. रूढी माणसंच करतात, तर ही पण रूढीच झाली.

प्लॉटच्या जमिनीत तर कायदाच बाईच्या बाजूचा आहे. वनहक्क कायदा २००६ चा, तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. त्यात लिहिलंय की लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. प्रमाणपत्र काढून बघा, दोन नावं आहेत का. नसतील तर दुरुस्तीचा अर्ज द्या. हा हक्क वारसाला जातो पण विकता येत नाही, कोणाला देता येत नाही. आदिवासीला सुद्धा विकता येत नाही. तेव्हा प्लॉट "घेतो" म्हणणारा फसवतो आणि "देतो" म्हणणारा स्वतः फसतो. दावा करणारे कितीतरी बाबा वारले. त्यांच्या जागी वारसाचं नाव लावायचं राहिलंय, ते आत्ता करा.

प्लॉटवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार आहे क्षेत्राची. कसतो दोन एकर, प्रमाणपत्रात दहा-वीस गुंठे. २०१८ च्या मार्च महिन्यात नाशिकहून मुंबईपर्यंत माणसं चालत गेली, पायाची सालटी निघाली, ती बरीचशी याच कारणानं. दावा पूर्ण किंवा अर्धा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि अपिलाला साठ दिवस असतात. ग्रामसभेच्या निर्णयावर प्रांताच्या समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. आधी जिल्हा समितीचा शब्द शेवटचा होता. २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेनं तिच्यावरही अपील करता येतं, विभागीय समितीकडे, म्हणजे नाशिकरोडला आयुक्तांकडे.

काही वाक्यं अधिकाऱ्यांच्या तोंडून वारंवार येतात, त्यांची उत्तरं पाठ करून ठेवा. "पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा आणा." ती अट आदिवासीला नाही, इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आपल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा आहे. "सॅटेलाइटच्या फोटोत शेत दिसत नाही." फोटो इतर पुराव्याला जोड म्हणून वापरायचा, त्याच्या जागी नाही, असं नियमातच आहे. उन्हाळ्यात काढलेल्या फोटोत वरईचं शेत कसं दिसेल, ते तर आपल्या पोरालाही कळतं. "फॉरेस्टनं नामंजूर केला." फॉरेस्टच्या एकट्या साहेबाला दावा नाकारायचा अधिकार नाही. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून काढता येत नाही. बाबांच्या काळच्या दंडाच्या पावत्या फेकू नका. तेव्हा त्या पावतीनं घरातलं बकरू विकायला लावलं होतं, आज तीच कब्जाचा पुरावा आहे. म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा चालतो. तेव्हा म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या.

कोणी जबरदस्तीनं मालकीच्या जमिनीवरून किंवा प्लॉटवरून हुसकावलं, पीक मोडलं, तर तो नुसता बांधाचा तंटा नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात आदिवासीची जमीन बळकावणं आणि वनहक्कात आडकाठी करणं हा गुन्हा आहे. पोलिसात लिहून देताना "जमिनीचा वाद" एवढंच लिहू देऊ नका.

धंद्याचं थोडक्यात. मोहफुलं, हिरडा, डिंक, बांबू हे गौण वनउपज आहेत आणि ते गोळा करून विकण्याचा मालकी हक्क वनहक्क कायद्यानं आपल्याला दिला आहे. बाजाराच्या दिवशी व्यापारी पावसाळ्यात उचल देतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. मग मोह त्यालाच, त्याच्याच भावानं. परवाना नसताना व्याजानं पैसा देणं बेकायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही कोऱ्या कागदावर सही घेता येत नाही. अशा सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पेसा कायदा १९९६ चा आहे. त्यात सावकारीवर नियंत्रण ठेवायचा, जमीन जाऊ न देण्याचा आणि बेकायदा गेलेली परत मिळवण्याचा अधिकार ग्रामसभेला धरला आहे. २०१४ च्या नियमांनी पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा करता येते. मोठ्या ग्रामपंचायतीच्या सभेत आपला आवाज दबतो, ज्या पाड्यांनी अजून ठराव केला नाही त्यांनी करावा.

आता काम वाटून घेऊ. पुढच्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक घरानं आपला सातबारा आणि आठ-अ काढावा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन पंधरा रुपयांत निघतो, सेतूवाला किती घेतो ते तुम्ही जाणताच, म्हणून पाच-दहा घरांनी मिळून एका शिकलेल्या पोराला पाठवा. उताऱ्यावर तीन जागा बघायच्या: नावं कोणाकोणाची आहेत, इतर हक्कात काय लिहिलंय, आणि पीक पाहणीत कसणारा म्हणून दुसऱ्याचं नाव तर शिरलं नाही ना. प्रमाणपत्रवाल्यांनी त्याची झेरॉक्स आणावी, मूळ कागद घरातच ठेवावा. ज्यांनी कुठं सही केली आहे त्यांनी लाज न धरता तोही कागद आणावा, आमच्यातले दोघं-तिघं पूर्ण दिवस वाचायला बसणार आहोत. शेजारच्या पाड्याच्या विधवा बायांना कोणीतरी स्वतः जाऊन निरोप द्यावा. येताना भाकरी बांधून आणा, संध्याकाळ होईल.